मार्थाचा फुटवा

हेदरक्लफ, लँकेशायर
११ मार्च १९५८

प्रिय एडविन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकशील अशी मला भीती आहे. टाकलंस तर तुझी चूक नाही. अकरा वर्षांत या घरातून तुला एक ओळ आली नाही. तुझी आयव्ही गेली तेव्हाही नाही. सख्ख्या भावजयीनं निदान तेव्हा तरी दोन शब्द लिहायला हवे होते.

तुझ्या भावाचे, एमॉसचे, आता फार दिवस राहिलेले नाहीत. छत्तीस वर्षं गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात काढली, ती सगळी धूळ आता छातीत जाऊन बसलीय. नोव्हेंबरपासून तो खालच्या पुढल्या खोलीत पडून आहे. डॉक्टर म्हणतात, मे महिना दिसला तर नशीब समजा. त्याला सूप नको, पाद्री नको, कुणी भेटायला यायला नको. रोज सकाळी डोळे उघडले की एकच प्रश्न, "मार्थाला कळी आली का?"

त्या फुलाचं तुला मी काय सांगायचं? तुमच्याच आईचं नाव. एकोणीस वर्षं तो ब्रश घेऊन या प्रिमरोझचे पराग त्या प्रिमरोझला लावत बसला, तेव्हा कुठे ते जन्मलं. काळपट लाल, भरगच्च पाकळ्यांचं, आणि प्रत्येक पाकळीला सोन्याची बारीक कड. असल्या भरगच्च फुलाला बी धरत नाही. ठोंब फोडायचा आणि फुटवे लावायचे, एवढाच मार्ग. तुम्ही प्रिमरोझ मंडळातले बाकीचे सगळे एकमेकांना फुटवे द्यायचात, एकाच्या बागेत मेलं तर दुसऱ्याच्या बागेत असावं म्हणून. एमॉसनं मार्था कधीच कुणाला दिली नाही. तुलाही नाही.

गेल्या आठवड्यात मी वाळकी पानं काढायला गेले, तर अख्खा ठोंब हातात आला. खाली मुळंच नव्हती. माती उकरली तर पांढऱ्या अळ्या, अंगाची वेटोळी करून निवांत झोपलेल्या. बर्फाला न भिणारं रोप, पण मुळंच खाल्ल्यावर ते तरी काय करणार. सातही ठोंब गेले, एडविन. एकेक अळी मी दगडावर ठेचली आणि मग आत जाऊन त्याला सांगितलं, "आली हं कळी. बारीकशी आहे." आता ती कळी मला रोज थोडी थोडी मोठी करावी लागते.

एवढ्याचसाठी लिहितेय. सत्तेचाळीस सालच्या मार्चमध्ये बागेतून जो फुटवा गेला, तो तुझ्याकडे असला तर मी तुझे पाय धरीन. एक शब्दही बोलणार नाही. किंवा तुझ्या त्या भागात कुणाकडे असल्याचं ऐकलं असलंस तरी कळव. मला ते फूल त्याच्या हातात द्यायचं आहे.

हॅना


सिग्नल केबिन, वेस्टमोरलंड
१७ मार्च १९५८

मिसेस केर्शॉ यांस,

पत्र मिळालं. शेगडीत टाकलं नाही. रेल्वे आम्हाला कोळसा भरपूर देते.

एमॉस आजारी आहे हे वाचून वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून माझा मलाच राग आला, हेही लिहून ठेवतो.

फुटवा मी नेला नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पबच्या माडीवर मंडळाची सभा भरली होती, तीस माणसं बसली होती, आणि माझ्या थोरल्या भावानं उभं राहून माझ्याकडे बोट केलं. का, तर फुटवा गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या बागेत होतो आणि वर्षानुवर्षं एक फुटवा मागत होतो. मंडळाच्या यादीतून माझं नाव काढलं. मी रस्त्यानं निघालो की लोक आपापल्या रोपांच्या काचपेट्या झाकायला लागले. आयव्ही पावाच्या दुकानात गेली की आतल्या बायका गप्प व्हायच्या. शेवटी आम्ही गाव सोडलं. आता मी फुलं लावत नाही, बटाटे लावतो. बटाट्यावरून अजून तरी कुणी कुणाला चोर म्हटलेलं ऐकलं नाही.

आणि आता तुम्हाला चोर हवासा झालाय. तुमची पंचाईत समजते, पण माझ्याकडे द्यायला चोरीचा मालच नाही.

एक विचारतो. "तुझ्या त्या भागात कुणाकडे असल्याचं" हे तुम्ही कशावरून लिहिलंत? त्या एका फुटव्याशिवाय मार्था कधी तुमच्या कुंपणाबाहेर गेली नाही. मग तो नेमका माझ्याच भागात कसा असेल? तुम्हाला काय ठाऊक आहे?

ई. केर्शॉ


हेदरक्लफ
२० मार्च १९५८

प्रिय एडविन,

तू नेहमीच बारीक वाचायचास. मला वाटलं होतं, आडून विचारलं की तू आपणहून चौकशी करशील आणि मला काही सांगावं लागणार नाही. लबाडीच ती. आता सरळ सांगते.

फुटवा मी दिला.

तुला आठवत असेल, त्या हिवाळ्यात आमच्या ग्रेसच्या थुंकीतून रक्त पडलं. चौदा वर्षांची पोर. क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये खाट मिळायला आठ महिन्यांची रांग, आणि मिसेस क्रॅबट्रीची मुलगी त्याच रांगेत वाट बघता बघता वारली होती. गिरणीच्या डॉक्टरांची बहीण मिस फॉदरगिल, ती जुनी प्रिमरोझं जमवायची, आठवते ना? डॉक्टर त्या सॅनेटोरियमच्या समितीवर होते. बाई चांगली होती, तिनं काही मागितलं नाही. एकदा नुसती म्हणाली, "तुमच्या मिस्टरांची मार्था एकदा माझ्या बागेत पाहायला मिळाली असती तर." मला तेवढं पुरलं.

एमॉसला सांगितलं नाही, विचारलंही नाही. तो कामावर होता. मी एक फुटवा सोडवला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ॲप्रनखाली धरून डॉक्टरांच्या मागच्या दारानं देऊन आले. तेराव्या दिवशी ग्रेसला खाट मिळाली. फुलामुळे मिळाली की तिचा नंबरच लागला होता, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी एमॉस बागेतून आत आला, पांढराफटक. म्हणाला, "एडविननं नेला." मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले. म्हटलं, राग उतरला की उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो कुणाशीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सभा झाली. त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे एक नाही, दोन माणसांसमोर उघडायचं होतं. मग महिना गेला, वर्ष गेलं, तुम्ही गाव सोडलंत, आणि मी पडद्याआडून तुमचं सामान गाडीवर चढताना पाहिलं.

ग्रेस आता कॅनडात आहे. दोन मुलं आहेत तिला. धाकट्याचा फोटो गेल्या आठवड्यात आला.

भाऊ वारल्यावर मिस फॉदरगिल थ्रॉसगिलला राहायला गेली. तुझ्या स्टेशनापासून सहा मैल. तीही गेल्या वर्षी वारली, पण बाग तर असेल ना? मला हव्या तितक्या शिव्या दे, एडविन, मी त्या लायकीचीच आहे. पण तिथे जा. मला त्याला एकटं टाकून निघता येत नाही. आज त्यानं विचारलं, "कळीचा रंग दिसायला लागला का?" मी म्हटलं, "थोडा थोडा." तो मला उशीला टेकवून बसवायला सांगतो आणि खिडकीकडे मान लांब करून बघतो. तिथून वाफा दिसत नाही, देवाचे उपकार.

हॅना


सिग्नल केबिन
२९ मार्च १९५८

हॅना,

तीन वेळा लिहायला बसलो आणि तीनही कागद जाळले. आज चौथा.

तुझ्या पोरीला खाट मिळाली, बरं झालं. ती जगली, बरं झालं. मी तिला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीय, तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी येणार नाही. तू मला येऊन सांगितलं असतंस ना, तर मी स्वतः रात्रीतून फुटवा काढून दिला असता आणि चोर म्हणवून घेतलं असतं. विचारून घेतलेलं नाव आणि कपाळावर मारलेलं नाव यांत फरक असतो.

पण आयव्हीचं काय करू? शेवटच्या आठवड्यात तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आता खरं सांग, एडविन. नेला होतास का?" सव्वीस वर्षं संसार केलेली बायको. मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पण विश्वास बसलेलं माणूस तशी मान हलवत नाही. ती तसंच मनात धरून गेली. हे तुला सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येईना.

उद्या रविवार आहे, माझी सुट्टी आहे. थ्रॉसगिलला सायकलनं जातो. मिळालं तर पाठवतो, पण एक अट आहे. रोप त्याच्या हातात देशील त्याच दिवशी, त्याच जागी बसून तू त्याला सांगायचंस की फुटवा कुणी नेला होता. मला माफी नको. मंडळाच्या यादीत नाव नको. तो जायच्या आत त्याला एवढं कळायला हवं की त्याचा भाऊ चोर नव्हता.

कबूल असेल तर कळव.

एडविन


हेदरक्लफ
१ एप्रिल १९५८

प्रिय एडविन,

कबूल. मुलीची शपथ.

लवकर कर. त्याची नखं निळी पडायला लागलीत. नर्स पिलिंग आता दिवसातून दोनदा येते. मी त्याला सांगितलंय की फूल ईस्टरनंतर उमलेल. ईस्टर या रविवारी आहे आणि माझ्याकडे मुळं खाल्लेल्या सात ठोंबांशिवाय काही नाही.

हॅना


सिग्नल केबिन
१४ एप्रिल १९५८

हॅना,

या पत्राआधी डबा तुला मिळालेला असेल. आज सकाळच्या गाडीच्या गार्डच्या हातात दिलाय, तो माझ्या ओळखीचा आहे, आणि तुमच्या स्टेशनमास्तरांना तारेनं कळवलंय. कोकोचा डबा, आत ओलं शेवाळ. पालापाचोळ्याच्या जुन्या खतात लाव, तुमच्या त्या वाफ्यातली चिमूटभरही माती घेऊ नकोस. उन्हात ठेवू नकोस, शेगडीजवळ तर अजिबात नको.

आता कसं मिळालं ते. मिस फॉदरगिलच्या घरात एक निवृत्त मेजर राहतो आणि तो कोंबड्या पाळतो. साठ कोंबड्या. मी फाटकातून पाहिलं तर गवताची काडी शिल्लक नव्हती. मेजर म्हणाला, "प्रिमरोझ? माझ्या कोंबड्यांना विचारा." स्वतःच हसला. मी परत फिरलो, खरं सांगतो, त्या उतारावर सायकल हातात धरून मी रडलो. कुणासाठी ते मला विचारू नकोस.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. बाईंच्या माळ्याची विधवा मिसेस टायसन, तिच्या दारात उभा राहून फुलाचं वर्णन केलं. ती म्हणाली, "काळपट लाल, सोन्याच्या कडेचं? अहो, ते तर बाईंच्या उशाशी आहे." माझ्या लक्षात येईना. मग तिनं चर्चकडे बोट केलं. तिच्या नवऱ्यानं मरायच्या आधी ते बाईंच्या कबरीवर लावलं होतं.

तिथे होतं, हॅना. ओढ्याच्या बाजूला, सावलीत, भाकरीएवढा ठोंब आणि त्यावर नऊ कळ्या. एमॉसच्या वाफ्यातही मी इतकं निरोगी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या पाद्र्याला विचारलं. त्याचं म्हणणं, कबरीवरचं काहीही काढायला नातेवाइकांची लेखी परवानगी लागते. नातेवाईक म्हणजे एक पुतण्या, आणि तो केनियात. मी म्हटलं, माझा भाऊ मरतोय. तो म्हणाला, "मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन."

म्हणून काल तिसऱ्यांदा गेलो. आत सगळे गात होते आणि बाहेर मी गुडघे टेकले होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, केवढी ही भक्ती. एक फुटवा काढला, दोन कळ्यांसकट, आणि माती परत दाबून सारखी केली. अकरा वर्षं ज्याची शिक्षा भोगली ते शेवटी काल केलं.

आता अट तुझ्याकडे.

एडविन


हेदरक्लफ
१८ एप्रिल १९५८

प्रिय एडविन,

रोप सुखरूप पोचलं. एक पान मोडलं होतं, बाकी ठीक. बुधवारी पहिली कळी उमलली आणि मी कुंडी घेऊन त्याच्या खोलीत गेले. वाटेत मनातल्या मनात घोकत होते: एमॉस, हे देते आणि तुला काही सांगायचं आहे. एमॉस, हे देते आणि तुला काही सांगायचं आहे.

त्यानं दोन्ही हात पुढे केले. कुंडी त्याला पेलेना, मी खालून धरली. पान उलटं करून पाहिलं, मुळाशी बोट घातलं, मुळाला चिकटलेली माती चिमटीत चुरडली. म्हणाला, "ही आपली माती नाही." मग बराच वेळ दम लागला त्याला. मग म्हणाला, "एडविनकडून आलं ना?"

मी हो म्हटलं. तुझ्याकडूनच आलं होतं, ते खोटं नव्हतं.

तो हसला. पाच महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे त्यानं जगवलं तर. चोर लेकाचा," म्हणाला. "त्याला लिही, माफ केलं म्हणावं."

मी तोंड उघडलं, एडविन. तुला शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं. तो त्या फुलाकडे बघत होता आणि त्याच्या गालावर रंग आला होता, आणि मी कुंडी त्याच्या उशाशी ठेवली. काल पुन्हा प्रयत्न केला. तो म्हणाला, "पाणी दे." मी पाणी आणायला गेले आणि स्वयंपाकघरातच बसून राहिले. आज सकाळी पुन्हा. नाही जमलं.

मी तुला मुलीची शपथ दिली होती. ती मोडली. मला स्वतःकडे आरशात बघवत नाही. तू आता येऊन स्वतः त्याला सांगितलंस तर मी दार उघडीन आणि बाजूला उभी राहीन.

हॅना


सिग्नल केबिन
२४ एप्रिल १९५८

प्रिय एमॉस,

हे हॅना तुला वाचून दाखवील.

सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये तुझ्या बागेतून मार्थाचा फुटवा मी नेला. तू दिला नाहीस म्हणून नेला. सभेत मी नाही म्हणालो ते खोटं होतं. तुझा निरोप मिळाला. तू माफ केलंस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

तुझं फूल फार सुंदर आहे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आधी मत्सरापायी आणि मग रागापायी. आई असती तर तिनं ते टोपीला लावून सगळ्या गल्लीभर मिरवलं असतं.

छाती शेकत जा आणि नर्सशी भांडू नकोस.

तुझा भाऊ,
एडविन


हेदरक्लफ
२ मे १९५८

एडविन,

तू ते का लिहिलंस?

शनिवारी मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. नर्स गेली, मी दाराला कडी घातली, खुर्ची पलंगाला लावली आणि म्हटलं, "एमॉस, माझ्याकडे बघ." त्यानं बघितलं. आणि दारावर पोस्टमन. एमॉस म्हणाला, "आधी पत्र बघ कुणाचं आहे." मी ते फोडून मोठ्यानं वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला कळलं की मी काय वाचतेय. थांबता येईना. तो कान देऊन ऐकत होता. माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात, माझं पाप तुझ्या नावावर. वाचून झालं तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "झालं तर मग." दुपारी पुन्हा वाचायला लावलं.

सोमवारी पहाटे तो गेला. शेवटी ग्रेसचं नाव घेतलं.

तुला दया आली असेल, कळतं मला. पण तुझ्या दयेनं मला कुठे आणून ठेवलंय ते बघ. आता सांगू कुणाला? तो तुला चोर समजून गेला. मी त्याच्याबरोबर छत्तीस वर्षं एका पलंगावर झोपले आणि त्याला खोटं उशाशी देऊन पाठवलं. आणि काल दफनभूमीत तू मागे भिंतीशी उभा होतास. मंडळातल्या माणसांनी तुला पाहून पाठी फिरवल्या, सगळ्यांनी, एकामागून एक. मी छत्री धरून उभी होते. तेव्हाही बोलले नाही. दहा पावलांवर होतास तू.

ग्रेसला कळवायचं आहे, पण कागद घेतला की हात चालत नाही. तिला काय लिहू? तुझा श्वास मी काकाच्या नावावर विकत घेतला, असं लिहू? झोप नाही. जेवण जात नाही. कुंडी खिडकीत आहे. रविवारपासून मी तिला पाणी घातलेलं नाही. पानं लोळलीत. मला ते रोप डोळ्यांसमोर नको आहे. मरू दे. मी तरी आता कशासाठी उठायचं सकाळी?

हॅना


सिग्नल केबिन
५ मे १९५८

हॅना,

आधी उठ आणि रोपाला पाणी घाल. वरून नको, कुंडी तासभर पाण्याच्या तसराळ्यात ठेव. मग बसून हे सोबतचं त्याचं पत्र वाच.

ते मला एकवीस एप्रिलला मिळालं. नर्स पिलिंगनं पोस्टात टाकलं होतं. माझं पत्र दयेचं नव्हतं, हे वाचलंस की कळेल. त्यानं हे जाळायला सांगितलं होतं आणि मी शेगडीचं दार दोनदा उघडलं. दफनाच्या दिवशी ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. तुला द्यावं की नाही हे ठरेना, म्हणून भिंतीशी उभा राहिलो. तुझं पत्र वाचल्यावर ठरलं. त्याचं ऐकलं तर तू संपशील. माझ्या भावाचं आजवर मी पुष्कळ ऐकलं.

एडविन


(पेन्सिलीनं लिहिलेलं, चार कागदांवर)

१९ एप्रिल

एडविन,

दम पुरत नाही म्हणून थोडं थोडं लिहितोय. हॅना परसात कपडे वाळत घालते तेवढ्या वेळात. नर्सला पोस्टात टाकायला सांगणार आहे. वाचून जाळ.

फुटवा तू नेला नाहीस. मला ठाऊक आहे. पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक आहे.

हॅना तुला सांगेल की तिनं मला विचारलं नव्हतं. ती मला सांभाळून घेते. तिनं विचारलं होतं. रविवारी, जेवण झाल्यावर. म्हणाली, "एमॉस, मिस फॉदरगिलला मार्थाचा एक फुटवा देऊ या. ग्रेसला खाट मिळेल, निदान मिळायची आशा तरी." वरच्या खोलीत पोर खोकत होती. मी टोपी घातली आणि बागेत गेलो. अंधार पडेपर्यंत काचपेट्यांच्या काचा पुसत होतो. एकेक काच, दोन्ही बाजूंनी. आत आलो तेव्हा तिनं चहा पुढे ठेवला. पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी फुटवा गेला होता. मला बरं वाटलं, एडविन. हे कुणाला सांगितलं नाही. ती घेऊन गेली आणि मला द्यावा लागला नाही म्हणून बरं वाटलं. मग भीती वाटली. हॅनानं नेला म्हटलं की लोक विचारणार, नवऱ्याच्या बागेतून बायकोला चोरून का न्यावा लागला? पोरीसाठी मागितला तर त्यानं दिला नसता का? मला चोर हवा होता. तू सोमवारी येऊन गेला होतास.

सभेत तू माझ्याकडे बघत होतास ते अजून दिसतं.

आता ती गेले तीन दिवस माझ्यासमोर तोंड उघडते आणि मिटते. तिनं सांगितलं तर मलाही माझं सांगावं लागेल. मला तेवढी छाती नाही. म्हणून तिच्यासमोर तुला चोर लेकाचा म्हणालो. घाबरून म्हणालो. तुझ्याकडे मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. फुटवा तूच नेलास असं मला एक पत्र लिही. ती वाचील, मी ऐकीन, ती गप्प राहील आणि मी जाईन. मी भित्रा होतो आणि भित्राच मरणार. तुझं नाव मी खराब केलं. आयव्हीच्या वेळी आलो नाही, कारण तिच्या शवपेटीशेजारी उभा राहून तुझ्याकडे बघायचं कसं?

फूल उशाशी आहे. हॅना म्हणते, किती छान उमललंय. मी हो म्हणतो. मला ते बघवत नाही. त्याच्याकडे पाहिलं की वरच्या खोलीतला खोकला ऐकू येतो आणि माझ्या हातात फडकं असतं.

ग्रेस जिवंत आहे, कारण तिच्या आईनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पाहिली असती तर मी किती दिवस काचा पुसत राहिलो असतो, ते मला अजूनही माहीत नाही.

एमॉस